पडद्यावरची पडीक जागा

माणूस आयुष्यभर जे काम करतो, त्याची दखल जग एक ना एक दिवस घेतंच. मोजणीसाहेबांची दखल जग गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता घेणार होतं. जग म्हणजे केबलवरचं सहाशे बेचाळीस नंबरचं चॅनल, जे लोकांकडे लागलंच तर बहुधा चुकून लागायचं.

चौतीस वर्षं जमिनी मोजून साहेब 'वरिष्ठ मोजणी अधिकारी' या पदावरून निवृत्त झाले होते. या पदाची त्यांना भारी चाड, आणि त्याला कारण त्यांचे व्याही. व्याही कॉलेजचे माजी प्राचार्य. मुलीच्या लग्नाला तीन वर्षं झाली तरी दर भेटीत चहाचा कप खाली ठेवत ते विचारायचे, "म्हणजे तुम्ही नेमके कोण होतात?" साहेब सांगायचे. व्याही मान डोलवायचे आणि पुढच्या भेटीपर्यंत साफ विसरायचे.

म्हणून 'शेजारच्या भिंती' या चर्चेचं रेकॉर्डिंग उरकून आल्या आल्या साहेबांनी पहिला फोन व्याह्यांना लावला. "गुरुवारी या. दोघंही या. मी कोण ते टीव्हीवरच बघा."

गुरुवारी व्याही मधल्या खुर्चीत, विहीणबाई सोफ्यावर आणि साहेबांची बायको बिस्किटांची बशी घेऊन उभी. चर्चा सुरू झाली. कॅमेरा एकच. पुढे दोन वकील, मागे उंचवट्यावर एक खुर्ची. सूत्रसंचालक मागे वळून म्हणाला, "तुमचा अनुभव काय?" आणि खुर्चीतला कोट बोलू लागला.

कोट, टाय, हातवारे, हनुवटी. त्याच्या वर पडदा संपत होता.

"हे कोण?" व्याह्यांनी विचारलं.

"मी."

"नाही, पण..."

"अहो, मीच! टाय बघा."

व्याह्यांनी टाय निरखून बघितला. त्यांची आणि टायची आधी भेट झालेली नव्हती.

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. ती नेमकी किती सरकली हे सांगू शकणारा घरातला एकमेव माणूस त्या वेळी पडद्याच्या वरच्या कडेला नाक लावून उभा होता. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला कुणाची वीतभर जागा गिळू दिली नव्हती. इथे सगळ्यांदेखत अख्खं डोकं गेलं होतं.

त्यांनी चॅनलला फोन लावला. "माझं डोकं कुठे आहे?"

"जागेवर आहे, सर," पलीकडची मुलगी म्हणाली.

"इथे नाहीये!"

"मी समोरच बघतेय, सर. भांगसुद्धा दिसतोय. तुमचा टीव्ही झूमवर असेल. आमचं चित्र जुन्या पद्धतीचं, चौकोनी असतं. ते पडदाभर पसरवलं की वरचं आणि खालचं कापलं जातं."

"टीव्ही मी स्वतः लावलाय!" साहेब गरजले, आणि गरजता गरजता त्यांना आठवलं. चार वर्षांपूर्वी हा रुंद टीव्ही आला, तेव्हा असल्या चॅनलवर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे पडायचे. विनावापर, पडीक जागा. साहेबांना ते बघवेना. रिमोटची बटणं दाबून दाबून त्यांनी चित्र दोन्ही बांधांना नेऊन भिडवलं होतं. रुंदी दोनदा तपासली होती. उंची तपासायचं काही सुचलं नाही, कारण जमिनीला उंची नसते.

"मला वाटलंच होतं," विहीणबाई पहिल्यांदाच बोलल्या. "तुमच्याकडे संध्याकाळच्या बातम्या देणाऱ्या बाईला कपाळ नाही. आमच्याकडे आहे."

बायकोच्या हातातली बशी कलली. "कपाळ आहे?"

"चांगलं रुंद आहे. खाली बातम्यांची पट्टीही फिरते."

"पट्टी?" बायको मटकन खाली बसली. "चार वर्षं मी त्या बाईची कीव करतेय हो! आणि हे म्हणायचे, असते एकेकाची ठेवण!"

साहेबांनी रिमोट उचलला. पडद्यावर ते अजून बोलतच होते, कारण त्यांना थांबवणं सूत्रसंचालकालाही जमलेलं नव्हतं. बटण दाबताच चित्र आक्रसलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि मध्ये साहेबांचं डोकं अवतरलं. अखंड, भांगासकट.

"अरे, तुम्हीच की!" व्याही खुर्चीतून अर्धे उठले.

"मग? कधीचं सांगतोय!" साहेब म्हणाले.

"थांबा, खाली काहीतरी लिहिलंय." व्याह्यांनी खिशातून चष्मा काढला. "वाचूनच ठेवतो. म्हणजे आता लक्षात राहील."

साहेब पुढे सरसावले. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी चॅनलच्या त्याच, मघाशी फोनवर भेटलेल्या मुलीला आपलं पद ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं, 'वरिष्ठ' या शब्दाखाली रेघ ओढून. मघाशी पुढच्या वकिलांच्या पदव्यांच्या दोन-दोन ओळी येऊन गेल्या असणार. त्या तर इथे कुणालाच दिसल्या नव्हत्या.

व्याह्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि प्राचार्यांच्या आवाजात वाचलं, "सामान्य नागरिक."

बायकोने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी पट्टीकडे. विहीणबाईंनी एक बिस्कीट घेतलं.

चर्चा संपल्यावर पडद्यावर सूचना आली: हा कार्यक्रम आठवडाभर रोज सकाळी अकरा वाजता पुन्हा दाखवण्यात येईल.