सरावाचे शब्द

एफीला पहिली किळस आली ती त्या माइकची. केसाळ टोपडं घातलेला तो माइक व्यासपीठाखाली, बरोबर ओळ देणाऱ्याच्या तोंडासमोर, मेल्या मांजरासारखा लोंबत होता. आणि तिचा सख्खा भाऊ टॉर्कील, लुईस बेटावरच्या या चर्चमध्ये वर्षानुवर्षं स्तोत्राची ओळ देणारा माणूस, मान वळवून वळवून विचारत होता, "इथे बसू, की जरा डावीकडे?"

"नवरदेवच जणू," एफी शेजारच्या पेगीला म्हणाली. "लाजायचं तेवढं राहिलंय."

इथे ऑर्गन नाही, वाद्य नाही. एकानं ओळ द्यायची, बाकीच्यांनी बसल्या जागी ती उचलायची आणि ज्यानं त्यानं आपल्या गळ्यानं वळवत न्यायची. देवाला वाहायचं ते एवढंच. म्हणूनच सरावाला स्तोत्राचे शब्द घ्यायचे नाहीत, हा आजा-पणजापासूनचा दंडक. देवाचे शब्द काय घसा साफ करायला असतात? सरावाला चाल तीच, शब्द मात्र बोडक्या मेंढीचे. ती मेंढी शेजारणीचा कोबी खाते आणि वर पाळकसाहेबांची वाळत घातलेली विजारही.

लंडनहून त्यांच्या गाण्याची तबकडी काढायला आलेल्या रूपर्टला बेटावरच्या गेलिक भाषेचं अक्षर कळत नव्हतं. टॉर्कीलनं त्याला आधीच बजावलं होतं, "स्तोत्र एकदाच म्हणू. ते देवासाठी असतं."

एकदा म्हटलं. संकटात बुडालेल्या माणसानं देवाला मारलेली हाक होती ती. शेवटच्या ओळीला कोणीतरी खोकलं.

"अप्रतिम! फक्त तो खोकला... पुन्हा एकदा होईल?" रूपर्ट म्हणाला.

टॉर्कीलनं क्षणभर खाली पाहिलं आणि पुन्हा ओळ दिली. मग बाहेरून ट्रॅक्टर गेला म्हणून तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी रूपर्ट म्हणाला, "जरा आणखी व्याकूळ होऊन जमेल?"

एफी बाकावर पुढे सरकली. व्याकूळ होऊन! हे काय नाटक चाललंय?

"टॉर्कील," ती गेलिकमध्ये मोठ्यानं म्हणाली, "हा सरावच चाललाय ना? मग मेंढी म्हण की. थोडी लाज उरली असेल तर."

बाकांवर खसखस पिकली. टॉर्कील कानापर्यंत लाल झाला आणि हट्टाला पेटून त्यानं खरंच मेंढीची ओळ दिली. सगळ्यांनी ती उचलली. तासभर अवघडून बसलेले गळे मोकळे झाले. कोबी काय, विजार काय, आवाज छताला जाऊन भिडला.

रूपर्टनं हेडफोन काढला. त्याचे डोळे भरले होते. "हेच! ही खरी श्रद्धा. तबकडीवर हेच घेऊ."

सगळे टॉर्कीलकडे बघायला लागले. हे स्तोत्र नाही, मेंढीचं गाणं आहे, एवढं एकच वाक्य त्यानं बोलायचं होतं, बस्स.

"आवडलं ना तुम्हाला?" टॉर्कील म्हणाला. "मग घ्या."

"शी!" एफी उठलीच. "देवाच्या नावावर मेंढी खपवलीस! तीही बोडकी!"

"म्हण म्हणालीस तूच ना?"

"म्हण म्हणाले. खपव नाही म्हणाले."

ती तरातरा दाराकडे निघाली. तेवढ्यात रूपर्टनं कौतुकानं नुकतंच टिपलेलं ते गाणं सर्वांना ऐकवलं. एफीच्या अंगावर काटा आला. सगळ्या आवाजांच्या वर एका बाईचा गळा चढत होता, वळणं घेत होता, आणि तो तिचाच होता. दर रविवारी तिची छाती भरून येई आणि देव जवळ आलाय असं वाटे. आत्ताही अगदी तसंच भरून आलं, डोळ्यांत पाणीसुद्धा तेच. आणि शब्द होते कोबीचे. मग इतकी वर्षं ती कोणाला आळवत होती? देवाला, की आपल्याच गळ्याला? टॉर्कीलची किळस निदान तोंडातून काढून टाकता आली होती. ही स्वतःची निघेना.

रविवारी टॉर्कीलनं स्तोत्राची ओळ दिली. एफीनं ती उचलली, पण वळवली नाही. एकेक शब्द तिनं सपाट, कोरडा म्हटला. कानाला वाईट लागत होतं.

पेगीनं कोपरानं ढोसलं. "घसा बसलाय का गं?"

"घसा ठणठणीत आहे," एफी पुटपुटली.

पुढच्या ओळीला आवाज आपणहून वर चढायला लागला, तशी तिनं तोंड मिटून घेतलं.