बहुमताने बाद झालेला आकडा

मी गुरुत्वमापक बोलतोय. हळू बोलतोय, कारण मोठ्याने बोललो तर माझंच मोजमाप बिघडेल. माझ्या पोटात एक नाजूक स्प्रिंग आहे आणि तिला टांगलेलं इवलंसं वजन. खालची जमीन भरीव असेल तर ते वजन केसभर जास्त ओढलं जातं, पोकळ असेल तर कमी. पण शेजारून ट्रक गेला, वाऱ्याने झाड हललं, कोणी नुसता पाय आपटला, तरी माझा आकडा नाचायला लागतो.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे लोक दबक्या पावलांनी चालायचे. मला वाटलं, जग असंच असतं.

मग मी पाणीखात्यात आलो. तिथे भूगर्भ तपासणाऱ्या बाई होत्या आणि त्यांचे साहेब होते. बाई मला झाडांपासून लांब ठेवायच्या, वाऱ्याला आडोसा करायच्या आणि आकडा स्थिरावेपर्यंत श्वास रोखून उभ्या राहायच्या. शांतता साहेबांनाही फार प्रिय. इतकी, की ती राखण्यासाठी ते सतत ओरडत असत.

टेकडीवरच्या वस्तीसाठी पाण्याची टाकी बांधायची होती. खाली पोकळी तर नाही ना, हे मी सांगायचं होतं. पहिल्या दिवशी साहेब पाहुणे घेऊन आले. एसीसाठी गाडी चालू, भाषणासाठी जनरेटर चालू आणि साहेब माझ्याभोवती फेऱ्या घालत फोनवर, "हो, हो, अगदी शांतपणे मोजणी चाललीय!" मी गाडी मोजली, जनरेटर मोजला, साहेबांचे बूट मोजले, जमीन तेवढी राहून गेली. आकडे वरखाली नाचले, पण सरासरी साहेबांना हवी तशी आली: जमीन भरीव.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला घेऊन एकट्याच गेल्या. वारा पडला होता. खाली चांगलीच पोकळी होती. बाईंनी थांबून थांबून मोजलं, दर वेळी तोच आकडा आला.

"कालचे सगळे आकडे एकीकडे आणि हा एकटाच वेगळं बोलतोय," साहेब म्हणाले. "हाच गोंगाटाने चुकलेला. काढून टाका."

"साहेब, काल गाडी चालू होती."

"बाई, बहुमत बघा, बहुमत!"

आणि माझ्यावर 'बिघडलेला' अशी चिठ्ठी चिकटली.

बाईंची धाकटी बहीण त्याच वस्तीत राहायची. ती ऑफिसात येऊन भांडली. "ताई, रोज बादल्या घेऊन टेकडी चढते मी. तुझ्या या डब्यापायी आमचं पाणी अडवू नकोस."

"अगं, जरा बाजूला बांधा, एवढंच म्हणतेय."

"म्हणजे आणखी एक वर्ष. नको."

डबा म्हटल्याचं मला वाईट वाटलं. पण तिच्या तळहातावरचे घट्टे बघून माझा राग मावळला.

टाकी झाली. मला तिच्या खालच्या खोलीत, पंपाशेजारी टाकून दिलं. आज पाणी भरायला सुरुवात झाली. बाहेर बँड, माईकवर साहेब, नळापाशी सगळी वस्ती. बाई गुपचूप आत आल्या आणि त्यांनी मला जमिनीवर बसवलं. माझ्या अंगावर काचेत एक बुडबुडा आहे. मी सपाट असलो की तो मधोमध राहतो, खालची जमीन कलली की सरकतो. तो एका बाजूला सरकत होता. बाईंनी परत मधोमध आणला, तो परत सरकला.

"पंपाने थरथरतंय ते! बिघडलेल्या यंत्राचं काय ऐकता?" माईक सोडून आलेले साहेब दारातून ओरडले.

बहीण बादली घेऊन बाईंच्या मागे उभी होती. तिने बुडबुड्याकडे पाहिलं, मग ताईच्या चेहऱ्याकडे. वर पाणी पडत होतं, इतकी वर्षं जे मागितलं ते पाणी. तिने हात लांबवला आणि पंप बंद केला.

बँड थांबला. थरथर थांबली. बुडबुडा मात्र सरकतच राहिला.

आता बाई टाकी रिकामी करताहेत. बहीण उतारावरची दारं धडाधडा वाजवत सुटलीय. साहेब सगळ्यांच्या आधी खाली पोचलेत. मला उचलायची घाई करू नका, आधी माणसं हलवा. आणि माझा आकडा खरा ठरला म्हणून उद्या हार घेऊन येऊ नका. यायचंच असेल तर त्या बहिणीसाठी पाणी घेऊन या.