घरात बोलली जाणारी भाषा

बिल्ला उलटा लागला होता. ‘पाहुणे’ ही अक्षरं बाबांच्या स्वेटरवर खाली डोकं वर पाय लटकत होती, आणि तिने ते पाहूनही सांगितलं नाही. असू दे. तिसरी शाळा होती ही आजची; तिन्ही ठिकाणी बाबा तिच्या चार पावलं पुढे. लेक तिची, शाळा बघायची तिला, आणि उत्साह मात्र यांचा. मँडरिन, म्हणजे चिनी, कुठे चांगली शिकवतात, तास किती, शिक्षक कुठले... कशासाठी एवढं?

पस्तीस वर्षं दुभाष्याचं काम केलेला हा माणूस. पण ती भाषा त्यांनी घरात कधी सांडू दिली नाही. फोन आला की खोलीचं दार लोटून घ्यायचे. दाराआड त्यांचा आवाजच निराळा व्हायचा—वर चढायचा, घसरायचा, मध्येच चक्क हसायचा—आणि सात वर्षांची ती बाहेर लादीवर बसून ऐकायची, कोणाशी बोलताहेत, आपल्याशी असे का नाही हसत... एकदा जेवताना तिने त्यातला एक शब्द म्हणून दाखवला. बाबांनी वर पाहिलं. ‘जेव आधी,’ म्हणाले. संपलं.

पहिल्या शाळेत आठवड्याला पाच तास आणि भिंतभर सुबक अक्षरं. बाबांनी भिंतीला नाक लावलं. सगळी एकाच हातची आहेत म्हणाले, पोरांची नव्हेत, मास्तरांची. दुसऱ्या शाळेत अर्धा दिवस सगळे विषय मँडरिनमधूनच. तिथे त्यांनी एका मुलाला धड्याबाहेरचं काहीतरी विचारलं, तर ते बिचारं बाईंच्या तोंडाकडे बघत राहिलं. आणि इथे, या तिसऱ्या शाळेत, तास कमी, फळा मळकट, पण त्यांनी विचारल्याबरोबर चार पोरं एकदम बोलायला लागली.

‘चुकताहेत,’ बाबा तिच्या कानाशी खुशीत म्हणाले. ‘भरपूर चुकताहेत.’

या माणसाला चुका कधीपासून आवडायला लागल्या? माझी एक चूक तरी...

तेवढ्यात वर्गावरच्या बाईंनी खारूताईला—नातीचं हे नाव आजोबांनीच पाडलेलं—सहज काही विचारलं. आणि खारूताईने उत्तर दिलं. एक वाक्य नाही, तीन. सगळ्या चढउतारांसकट. दाराआडचा तो आवाज, पडलेल्या दाताच्या फटीतून.

‘अरे वा, कोणी शिकवलं?’ बाईंनी विचारलं.

बाबा खिडकीबाहेर उभ्या गाड्या मोजल्यासारखे बघत होते. म्हणजे रोज संध्याकाळी बागेत न्यायचे ते हे होतं तर. दोन वर्षं. बरं, पोरगीही पक्की. घरी अवाक्षर नाही.

परतताना तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही. राग आलाय का, असं त्यांनी विचारलं, तर रस्ता बघतेय म्हणाली. आपल्या दारापाशी उतरताना बाबा क्षणभर गाडीचं दार धरून उभे राहिले. ‘उद्या बोलू,’ म्हणाले. ती ‘हं’ म्हणाली.

सकाळी ते उठलेच नाहीत.

सतराव्या दिवशी प्रवेशाची मुदत संपत होती. त्या तिसऱ्या शाळेच्याच कार्यालयात ती अर्ज भरत बसली. इथे दोन तुकड्या होत्या—घरात ही भाषा असलेल्यांची एक, आणि पाटी कोरी असलेल्यांची एक. ‘घरी मँडरिन बोलणारं कोणी आहे का?’ पेन तिथे अडलं.

प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंनी तिला घाई केली नाही. वाईट वाटलं म्हणाल्या. मग जरा घुटमळून सांगितलं, की त्या दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. शनिवारच्या पालकांच्या वर्गात अगदी नवखं माणूस चालतं का, विचारत होते.

‘मी म्हटलं, तुम्हाला कशाला हवाय? तर म्हणाले, मुलीसाठी. ती स्वतःहून विचारणार नाही.’

प्रवेशखात्यातली माणसं गोडच बोलतात. घरात माणूस गेलंय म्हटल्यावर आणखी गोड... बाबा असं परक्यापाशी बोलतील? दुसऱ्याचं बोलणं सांगताना माणूस पदरचं थोडं घालतोच, हे तर त्यांनीच सांगितलेलं. यात पदरचं कुठलं? फोन? मुलगी? की ते शेवटचं वाक्य?

पण ते शेवटचं खरंच होतं. कोणीही म्हटलेलं असो. तेवढ्या वर्षांत तिने ऐकलं, संशय घेतला, एक शब्द चोरून म्हणून दाखवला, रुसली... मागितलं कधी? एवढ्यात समोरच्या बाई तिचं नाव घालू का विचारत होत्या, आणि ती त्यांच्याकडे बघतच, पण त्यांना नव्हे, मोठ्याने म्हणाली,

‘बाबा, मलाही शिकवा ना.’