लतिकाचे शब्द, शेमदीनची चाल

"चहाच्या ब्रेकमध्ये गाऊ दे त्याला," नरेंद्र म्हणाला. "पण मराठी. गणेशोत्सवात स्टेजवर फक्त मराठी, हा आपला रूल आहे."

नरेंद्र म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. भाषा टिकवायची मीटिंग त्याच्याच बेसमेंटमध्ये चालली होती. वरून त्याच्या मुलीने इंग्रजीत रिमोट कुठंय विचारलं, त्याने इंग्रजीतच सांगितलं.

गाणारा शेमदीन माझ्याबरोबर मॉलमध्ये कपडे अल्टर करायचा. मी पँटी आखूड करायची, तो इस्त्री फिरवायचा. तुर्कस्तानातला कुर्द. तिकडे लग्नांत गायचा, गाणी स्वतः बांधायचा. बहिणीच्या लग्नात आपल्या भाषेत गायला म्हणून तीन वर्षं आत होता. तिथलं सरकार त्या भाषेला इतकं घाबरतं, की त्याने इथून आईला पाठवलेली टेपही पोलिसांनी उचलून नेली आणि वर म्हातारीला दोन दिवस बसवून ठेवलं. ती जाण्याआधी तिने आपलं गाणं एकदा ऐकावं, यापलीकडे त्याचं मागणं नव्हतं. मीच म्हटलं होतं, आमच्या कार्यक्रमात गा, निदान इथे तरी मोकळेपणी गाशील.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याला मंडळाचा रूल सांगताना मलाच लाज वाटली. त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"सिस्टर, तुझ्या भाषेवर तिकडे बंदी नाही ना?"

"तिकडे ती कुणाला ठाऊकसुद्धा नाही," मी म्हटलं.

"मग आण शब्द."

शब्द लतिकाचे, म्हणजे अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचे. गणपतीवर सोळा ओळी, दर चार ओळींना एक मोदक. शेमदीनने त्या आपल्या लिपीत उतरवून घेतल्या आणि वाफेच्या फुसफुशीत घोकल्या. मंडळातल्या निम्म्या मुलांना 'ळ' येत नाही. याला आठवड्यात आला.

उत्सवात पेटीवर मी होते. माझी मीच शिकलेली, त्यामुळे बरा वाजवणारा मिळाला नाही की मंडळाला माझी आठवण येते. शेमदीनने डोळे मिटले आणि मोदकांच्या त्या ओळी बहिणीच्या लग्नातल्या चालीवर सोडल्या. लोक बटाटेवडे खात होते. शेवटच्या कडव्याला खाणं जरा थांबलं, एवढंच.

मग टाळ्या. नरेंद्रने माइक घेतला. "बघा, परका माणूस आपली मराठी शिकतो. ह्याला म्हणतात कमिटमेंट, यार."

लतिका माझ्याजवळ आली. "खरं सांगू का, लिहितानाच ही चाल माझ्या कानात होती."

"हो का," मी म्हटलं. दुसरं काही बोलले असते तर मंडळातून गेले असते. तेवढी हिंमत माझ्यातही नव्हती. शेमदीन मात्र छातीवर हात ठेवून तिच्यापुढे वाकला.

सोमवारी त्याने उत्सवात भरून घेतलेली टेप आईसाठी पुठ्ठ्यात बांधली. वर मी इंग्रजीत लिहून दिलं: 'भारतीय देवाचं गाणं.'

उत्तर यायला फेब्रुवारी उजाडला. पत्र भाच्याचं, तुर्कीत, कारण ते उघडून वाचलं जाणार होतं. शेमदीनने इस्त्रीच्या टेबलावरच ते मला सांगितलं. टेप पोलिसांच्या ऑफिसात ऐकली गेली, साहेब हसले आणि परत दिली. घरी सगळे बरे आहेत. बर्फ फार आहे.

"आणि आई?" मी विचारलं.

त्याने कागदाची पुन्हा घडीवर घडी घातली.

"लिहिलंय, आजीला शब्द कळत नाहीत. पण टेप लावण्याआधी ती खिडक्या बंद करते आणि सोबत गाते."

मग त्याने पुढची पँट ओढली आणि तिची रेघ जुळवायला लागला.