एकतीस नोंदी, एकच नाव

मित्रांनो, मी एक जुनी रेपॉझिटरी आहे आणि मी तुमच्यावर चिडलेली आहे. गोड बोलून सुरुवात करायचा माझा मुळीच विचार नाही.

मॅडमनी मला संगणक प्रयोगशाळेतल्या कोपऱ्यातल्या मशीनवर उभं केलं. विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम माझ्याकडे ठेवायचे, आणि कोणी, कधी, काय बदललं याची प्रत्येक नोंद मी जपायची. पहिल्याच फाइलीत मॅडमनी लिहिलं, 'आपल्याच नावाने नोंद करा. का बदललं, ते एका ओळीत लिहा.' फाइलीचं नाव होतं 'आधी हे वाचा'. ती कोणीही उघडली नाही. तुम्हीही उघडली नसती, उगाच मान हलवू नका.

माझ्याआधी ही मंडळी पेनड्राइव्ह फिरवत. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हेच'. यातलं खरं कुठलं, ते करणाऱ्यालाही ठाऊक नसे. आणि कटकट म्हणे माझी!

एका गटात दोघंच होते. सदा टोपी घालायचा म्हणून ज्याला सगळे टोपीच म्हणत तो, आणि एक अबोल मुलगी. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम त्यांना करायचा होता. त्यांच्या संगणकावर टोपीने पहिल्याच दिवशी आपलं नाव घालून ठेवलं.

"माझं नाव कुठे घालू रे?" मुलीने विचारलं.

"कशाला? आपण एकच गट ना! चालू दे."

तिने चालू दिलं. रोज तास संपला की ती त्याच संगणकावर बसायची, आणि तिच्या प्रत्येक नोंदीवर मी टोपीचं नाव उमटवायची. मला कळत होतं. पण मला दिलेलं नावच मी लिहिते. या लाचारीचाच मला सर्वात जास्त राग येतो.

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी मला उघडलं. एकतीस नोंदी, सगळ्या टोपीच्या.

"तुझी एकही नोंद नाही गं. नापास करावं लागेल तुला."

"मॅडम, सगळं मीच..." मुलगी म्हणाली.

"हिने फाइलींना नावं दिली, मॅडम," टोपी हसत म्हणाला. "छान दिली हं!"

मॅडमनी तेरावी नोंद मोठ्याने वाचली. 'तारीख उलटी आली तर यादी कोसळते, म्हणून आधी तपासली.' मग टोपीला विचारलं, "उलटी म्हणजे कशी?"

"उलटी म्हणजे... मागून पुढे?"

"परत करायची तारीख नेण्याच्या आधीची पडली तर," मुलगी पडद्याकडे न बघताच म्हणाली. "ग्रंथालयातल्या काकांनी तशी टाकून दाखवली होती."

मॅडमनी आणखी चार नोंदी विचारल्या. चारही वेळा ती बोलली, आणि टोपी आपली टोपी हातात घेऊन फिरवत राहिला.

"मॅडम, ती नावं बदलून द्या ना," मुलगी म्हणाली.

"जुनं खोडायचं नाही. पहिल्या दिवशी मी तपासायला हवं होतं, ती चूक माझी. पण पुढची नोंद तू कर, तुझ्या नावाने."

तिने स्वतःचं नाव घातलं. दोनदा तपासलं. मग बत्तिसावी नोंद केली, 'वरच्या एकतीस माझ्या आहेत.'

ती पास झाली. टोपीला सगळं पहिल्यापासून करावं लागलं, एकट्याला.

मित्रांनो, मला तुमचं कौतुक नको. काम करायला बसण्याआधी त्या संगणकावर कोणाचं नाव आहे, तेवढं बघा. तिला त्या दिवशी विचारणारं कोणीतरी होतं. तुम्हाला कोणी विचारलं नाही, तर मी तुमच्या कामावर दुसऱ्याचंच नाव दाखवत राहीन.