दाढी राखणाऱ्यांच्या दुकानातला टॉवेल

मी एक टॉवेल. अंगावर आमच्या बास्केटबॉल संघाचं चिन्ह होतं, त्यातला निम्मा रंग आता उडालाय. पण माझ्या मालकांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, दवाखान्यात मला उराशी धरून बोललेला नवस काही धुऊन गेला नाही. "देवा, ह्यांचा उजवा हात पुन्हा कामाला लागू दे. तोवर मी चहाला तोंड लावणार नाही." चहाशिवाय त्या माउलीचा दिवस उजाडत नसे, हे मला मागाहून कळलं.

माझा जन्म कारखान्यातला. हजारो भावंडं एका दमात निघालो आणि मॅचच्या दिवशी मैदानातल्या खुर्च्यांवर एकेक करून पसरलो गेलो. प्रेक्षकांनी हवेत फिरवायची फुकटची वस्तू, तिची किंमत ती काय! बरीच भावंडं त्याच संध्याकाळी पायाखाली गेली. मला मात्र उस्तादांनी नीट घडी घालून खिशात ठेवलं.

उस्ताद म्हणजे वहिनींचे यजमान. केस कापण्याचं छोटं दुकान, मागच्या बाजूला घर. दुकानात दोन खुर्च्या. खिडकीजवळची उस्तादांची, आतली त्यांच्या धाकट्या भावाची. उस्ताद मला गरम पाण्यात बुडवायचे, एका झटक्यात पिळायचे आणि दाढी करण्याआधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर पसरायचे. वाफेखाली भलेभले गप्प होत. लोक दाढीपेक्षा त्या दोन मिनिटांसाठीच येतात असं मला वाटे.

मग एका सकाळी उस्तादांच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, उजवा हात मात्र रुसला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, टॉवेल पिळा, रोज पिळा. उस्ताद मला हातात घेऊन नुसते बघत बसायचे. खिडकीजवळची खुर्ची तेव्हापासून रिकामी. धाकट्यांनी तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही.

त्या दुकानाचा एक नेम आहे. प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरच्या सात-सात मॅचच्या बाद मालिका, सुरू झाले की नेहमीच्या गिऱ्हाइकांनी दाढी करायची नाही. मालिका संपल्यावरच वस्तरा. हा नेम घालून दिला उस्तादांनीच. "जगात हे एकच दुकान असेल जे संघ जिंकायला लागला की उपाशी मरतं," धाकटे म्हणायचे.

यंदा पहिल्या दोन मॅच घरच्या मैदानावर झाल्या. एक हरलो, एक जिंकलो. जिंकलो त्या दिवशी उस्तादांनी दुकानातल्या टीव्हीसमोर मला हवेत फिरवलं. उजव्या हाताने. खांद्याच्या वर नाही गेला हात, पण गेला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या.

तिसरी मॅच बाहेरगावी. दुकानात सगळे दाढीवाले जमले. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला आणि स्वतः गरम पाण्याचा पेला घेऊन बसल्या. मध्यंतरापर्यंतच आपण तीस गुणांनी मागे पडलो होतो.

"हे खेळायला गेलेत की पाहुणचार झोडायला?" बस चालवणारा एक जण म्हणाला. उस्तादांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक ते.

"पाहुणचार तरी नीट घेतात का बघ. चेंडू हातात दिला तरी सांडतायत," धाकटे म्हणाले.

तिसऱ्या भागात माणसं उठायला लागली. मग कुणाला घरी काम आठवलं, कुणाला उद्याची लवकरची पाळी. मॅच संपली तेव्हा फरक चाळिसाच्या पुढे होता आणि दुकानात घरची तिघंच उरली होती.

उस्तादांनी मला मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. "बंद कर ते," ते म्हणाले. आणि मग, अगदी साध्या आवाजात, "खिडकीजवळच्या खुर्चीला एखादा कारागीर ठेव आता. किती दिवस अडवून ठेवायची."

"दादा, एक मॅच हरलो आपण."

"मी मॅचचं बोलत नाहीये."

वहिनींनी रिकामे कप गोळा केले. माझ्यावर चहा सांडला होता, म्हणून मलाही नेलं.

सकाळी दुकान उघडतंय तोच बसवाला आला आणि सरळ खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. "काढा ही दाढी. खाज सुटलीय आणि लाजही वाटतेय. संपलं सगळं." धाकट्यांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी खिडकीबाहेर.

वहिनी पातेल्यात गरम पाणी घेऊन आल्या. मला बुडवलं आणि माझं एक टोक उस्तादांच्या उजव्या हातात दिलं. दुसरं स्वतः धरलं.

"अहो, धरा. मला एकटीला पिळवत नाही."

"भाऊजींना सांग की."

"भाऊजी झाडतायत."

धाकट्यांनी घाईघाईने झाडू उचलला.

उस्तादांची बोटं माझ्यावर आवळली. आधी सैल, मग थोडी घट्ट. वहिनींनी एका बाजूला पीळ दिला, त्यांनी दुसऱ्या. वाकडातिकडा, पण पिळला गेलो मी. पाण्याची धार पातेल्यात पडली, थोडी उस्तादांच्या पायावर. ते दोन पावलं चालत आले आणि त्यांनी मला बसवाल्याच्या दाढीवर पसरलं. डाव्या हाताने उजव्याला सावरत, पण पसरलं त्यांनीच.

वाफेखाली तो गप्प झाला. मग आतूनच म्हणाला, "उस्ताद, वस्तरा?"

"वस्तरा नाही मिळणार."

"का?"

"दोन-एकने मागे आहोत. कुणीतरी चार हरल्याशिवाय मालिका संपत नाही. दुकानाचा नेम आहे. ऊठ, तुझी बस चुकेल."

"बस मीच चालवतो."

"मग तर ऊठच."

तो दाढीसकट निघून गेला. उस्तादांनी खुर्चीची पाठ पुसली, पण कारागिराचं नाव काही पुन्हा काढलं नाही.

उद्याची मॅचही बाहेरगावीच आहे. जिंकू की हरू, मला नाही सांगता येत. माझी शिवण उसवलीय आणि पिळून पिळून अंग विरलंय. पण आता रोज सकाळी मला दोन्ही टोकांना दोन माणसांचे हात लागतात, तेवढ्यावर मी अजून बरेच दिवस काढीन. तुमच्याही घरात कुणी असं हात टेकून बसलं असेल, तर त्याला शहाणपण नका सांगू. एक टोक त्याच्या हातात द्या आणि दुसरं आपण धरा.