आबेमामाची पाखर

तेइवाकीने उकडलेली आळकुडी बोटांनी कुस्करली आणि मालखोलीच्या जाळीतून आत सरकवली. आतला पाहुणा भिंतीला टेकून बसला होता. बसला होता असंच म्हणायला हवं, कारण परवापासून त्याला कंबर आली होती.

"खा बाबा," तेइवाकी म्हणाला. "माझ्या वाटणीची आहे, सांडू नकोस."

पाहुण्याने हात पुढे केला. तो अजून धड हात नव्हता. ओल्या शेवाळाच्या दोरासारखं काहीतरी, टोकाला फाटे फुटलेलं. आळकुडी उचलून त्याने ती आधी छातीशी धरली. मग तो खोकला. अगदी तेइवाकी खोकायचा तसा, दोनदा कोरडा आणि शेवटी ओढून.

"तुझी नक्कल करतोय," दारातून आवाज आला. कप्तान कौतुना चौकटीला टेकून उभा होता. अलीकडे तो कशाला ना कशाला टेकूनच उभा राहायचा.

"कोणाची करणार? दुसरं कोण येतं इथे?"

"बंदराचं उत्तर आलंय. वर ये. आत्यालाही हाक मार."

'आबेमामा' हे खनिज वाहून नेणारं जहाज. ताऱ्यांमधल्या लांबच्या खेपा करून करून त्याचे सांधे ढिले झाले होते आणि माणसांचेही. जहाजावर तिघंच होती: कप्तान कौतुना, यंत्रं सांभाळणारी ताओकाई आणि तिच्या भावाचा मुलगा तेइवाकी. तिघंही प्रशांत महासागरातल्या ओनोतोआ बेटावरची. परतीच्या वाटेवर एका चंद्रावरच्या खाणीतून त्यांनी एक बरणी घेतली होती. बरणीत मूठभर शेवाळ होतं, तारावा बेटाच्या वर अंतराळात तरंगणाऱ्या बंदरातल्या अभ्यासकांना पोचवायचं. शेवाळ बरणीत मावेना म्हणून त्याला टाकीत ठेवलं. मग त्याला कणा आला, मग ते टाकीतून बाहेर आलं. तेव्हापासून त्याला कोणी शेवाळ म्हणेना. पाहुणा म्हणू लागले.

स्वयंपाकघरातल्या बाकावर ताओकाई आधीच बसली होती. तिच्या नखांत वंगण होतं. कौतुनाने उभ्यानेच सांगितलं.

"ते म्हणतात, पाठवलं ते झाड होतं, आता हा प्राणी आहे आणि उद्या काय होईल ठाऊक नाही. तो जहाजावर असेपर्यंत बंदरात घेणार नाहीत. जहाजावरच्या छोट्या होडीत घालून सूर्याकडे सोडून द्या आणि मग या, म्हणतात."

पंख्याची घरघर चालू होती.

"सोडू या," तेइवाकी म्हणाला.

कौतुनाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो भांडेल, असं त्याने गृहीत धरलं होतं. त्यासाठी दोन-चार वाक्यं जुळवूनही ठेवली होती.

"तूच तर भरवतोस त्याला."

"भरवतो म्हणून काय झालं? पोरगी चालायला लागली माझी, कप्तान. मी अजून तिला हातात घेतलेलं नाही. तेरेसिया म्हणते, फोटोतल्या माणसाला ती बाबा म्हणते आणि फोटोला नैवेद्य दाखवल्यासारखा खाऊ दाखवते." तो हसला, पण हसू लगेच विरलं. "मला घरी जायचंय. बस."

"आणि ती पाखर त्याची असली तर?" कौतुनाने ताओकाईला विचारलं.

पाखर हा शब्द ताओकाईचाच. या खेपेत सूर्यांची वादळं आली होती. बाहेरच्या किरणमापकाचा काटा शेवटाला जाऊन टेकला होता, म्हणजे आतली माणसं भाजून निघायला हवी होती; आतला काटा मात्र हलला नव्हता. एकदा डोक्याएवढा दगड जहाजावर आपटला. पत्र्यावर पुसट डाग पडला, बस्स. जणू कोणी मध्ये तळहात धरला होता.

"त्याची नाही," ताओकाई म्हणाली. "जाताना तो कुठे होता? तेव्हाही वादळ आलं होतंच की. पाखर जहाजाची आहे. कुठून येते ते मला विचारू नकोस, कौतुना. सगळं खोलून बघितलं मी. पत्रा आहे, तारा आहेत, गंज आहे. दुसरं काही नाही."

"म्हणजे त्याला सोडलं तरी आपलं काही बिघडत नाही."

"तसंच दिसतं."

ती उठून नळाखाली हात धुऊ लागली. वंगण निघत नव्हतं, तरी ती घासत राहिली.

वादळाची सूचना आलीच होती. ते पोचण्याआधी होडी सोडायची आणि मग बंदराची वाट धरायची, असं ठरलं. तेइवाकी आळकुडीचा वाडगा घेऊन पुढे चालला आणि पाहुणा त्याच्या मागे. त्याला अजून नीट चालता येत नव्हतं. एक पाय टाकून झाला की दुसरा कुठला, हे त्याला आठवावं लागे. वळणावर तो अडखळला तेव्हा तेइवाकी थांबला, पण मागे वळला नाही.

होडीत एकच आसन होतं. तेइवाकीने त्याला तिथे बसवलं, पट्टा बांधला. पाहुण्याने त्याची बाही धरली. तेइवाकीने एकेक फाटा हलक्या हाताने सोडवला, वाडगा त्याच्या मांडीवर ठेवला आणि दार लावलं.

"झालं," वर येऊन तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

कौतुनाने कळ दाबली. खिडकीतून होडी दिसली, तांदळाएवढी होत गेली. तिचं सुकाणू अजून जहाजावरूनच फिरत होतं आणि तिच्या आतल्या मापकाचा आकडाही इथल्या पडद्यावर उमटत होता. कौतुना खुर्चीत बसला. आता झोपावं, एवढंच त्याला वाटत होतं.

वादळ अपेक्षेपेक्षा लवकर आलं. बाहेरचा काटा सरसर वर गेला. तिकडे कोणी लक्षही दिलं नाही. सवय झाली होती.

"कौतुना," ताओकाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आतला बघ."

आतल्या मापकाचा काटा हलला होता. थोडासाच. ते बघत असतानाच तो आणखी थोडा सरकला.

"म्हणजे पाखर त्याचीच होती," कौतुना पुटपुटला. "गेला, आणि घेऊन गेला."

ताओकाईने पडद्यावर बोट ठेवलं. होडीतला आकडा शून्य होता. मग तिने खिडकीतून खाली, जहाजाच्या कुशीकडे पाहिलं. वादळ जिथे पाखरीला घासत होतं तिथे निळसर चमक उठे. एरवी ती पत्र्याला चिकटून असायची. आता ती एका बाजूने ताणली गेली होती, ओढलेल्या जाळ्यासारखी, लांब, होडीपर्यंत. होडीला वेढून परत येत होती.

"त्याची असती तर त्याच्याबरोबर तुटून गेली असती," ती सावकाश म्हणाली. "ही इथूनच निघालीय. जहाज त्याला सोडत नाहीये. त्याच्यावर पुरवायची म्हणून आपल्यावर विरळ होतेय."

काटा पुन्हा सरकला.

कौतुनाने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. मग तो जे बोलला ते त्याने नंतर कधी कोणाला सांगितलं नाही आणि ताओकाईनेही त्याला त्याची कधी आठवण करून दिली नाही.

"थोडं थांबू. फार लांब गेला की तुटेल आपोआप. मग सगळी आपल्यावरच येईल."

तो दुष्ट माणूस नव्हता. घाईघाईने तर मुळीच बोलला नव्हता. दमलेला माणूस जसा ओझं खाली ठेवतो तसं त्याने ते वाक्य ठेवलं.

ताओकाईने नुसतं भाच्याकडे पाहिलं.

तेइवाकी खिडकीशी होता. होडी आता दिसत नव्हती. चमक तेवढी दिसत होती, केसासारखी बारीक. त्याने खिडकीवर कपाळ टेकलं. मग तो वळला, कौतुनाच्या खुर्चीशी आला आणि त्याला न विचारता, त्याच्या खांद्यावरून हात घालून होडीचं सुकाणू उलटं फिरवलं.

"तेइवाकी," कौतुना म्हणाला.

"माहितेय मला."

"बंदर घेणार नाही आपल्याला."

"माहितेय म्हटलं ना, कप्तान."

कौतुनाने त्याचा हात बाजूला सारला नाही. थोड्या वेळाने त्याने आपलाही हात त्यावर ठेवला, सुकाणू स्थिर राहावं म्हणून.

होडी परत येईपर्यंत काटा लाल रेघेच्या अलीकडे थांबला आणि मग, ती कुशीला लागताच, शून्यावर आला. पाहुणा आसनावर तसाच बसला होता. वाडग्यातलं सगळं सांडलं होतं. तेइवाकीने त्याला काही न बोलता उतरवलं, मालखोलीत नेलं आणि या वेळी जाळी लावली नाही.

बंदराशी कौतुनाच बोलला. पाहुणा जहाजावर आहे आणि राहील, एवढंच त्याने सांगितलं. तिकडून उत्तर आलं: बाहेरच्या तळावर थांबा. कधीपर्यंत, असं त्याने विचारलं. कळवू, म्हणाले. घरी बोलायची परवानगी मात्र दिली.

जहाज तळाला लागल्यावर तेइवाकी स्वयंपाकघरातल्या बोलायच्या यंत्रापाशी बसला. त्याच्या बायकोचा, तेरेसियाचा आवाज खरखरत आला.

"कधी उतरताय? आईने नीरफणस आणून ठेवलेत भाजायला. मी तिला म्हटलं, आत्ता नको आणूस, पण ती ऐकते का?"

"भाजून खाऊन टाका. उशीर होईल."

"परत?"

"बंदरात घेत नाहीयेत."

"का? काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. आमच्यातल्या एकाला आत घेत नाहीत."

"कोणाला? आत्याला? तिचं काय बिनसलं?"

"आत्या नाही. तू ओळखत नाहीस त्याला."

तिच्यामागे कुठेतरी एक लहान मूल भांडं आपटत होतं. तेइवाकीने मान खाली घातली. आता ती ओरडेल, असं त्याला वाटलं असावं.

"बरा आहे ना तो?" तेरेसियाने विचारलं.

"आहे. आत्ताच जेवला."

"मग राहा थांबून," ती म्हणाली. आवाजात राग होताच, पण तो वेगळ्या कोणावर होता. "थांब, पोरगी देते तुला."

दारात उभा असलेला कौतुना मागे सरला. आता थांबायचंच तर जहाजाची यंत्रं बंद करायला सांगावं म्हणून तो खाली गेला. ताओकाईने ती केव्हाच बंद केली होती.